बोटांचे ठसे

माईंच्या दिवाणखान्यातल्या टेबल-खुर्च्यांचे पॉलिश दहा वर्षांनंतरही आरशासारखे लखलखत होते. कोमट पाण्यातून घट्ट पिळलेले मऊ फडके त्या अशा अलगद फिरवीत, की लाकडालाही झोप लागावी. आणि मग लगेच कोरड्या फडक्याने ओल टिपून घेत. पाहुणे थक्क होत. "रांगतं मूल आहे घरात, आणि कुठे एका बोटाचा ठसा नाही!"

"शिस्त लावावी लागते," माई म्हणत. "ती काही आभाळातून पडत नाही."

नातू दीड वर्षाचा झाला, तरी उभा राहीना. एकुलता एक नातू पांगळा निघतो की काय, या धास्तीने माईंच्या घशाखाली घास उतरेना. पण धारेवर धरले ते सुनेलाच. "आमच्याकडची सगळी वर्षाच्या आत चालली. तुझ्या माहेरचे पाय दिसतात हे, बसून खाणाऱ्यांचे!" सून खाली मान घालून बाळाचे तळपाय चोळत राहिली.

डॉक्टरांनी पाय, गुडघे, कंबर सारे तपासले. दोष कुठेच नव्हता.

"मुलं कशाला तरी धरूनच उभी राहतात, आजी," असे म्हणून त्यांनी एक खुर्ची बाळापुढे सरकवली. "हं, राजा, धर ही आणि ऊठ बघू!"

बाळाने खुर्चीकडे पाहिले, मग माईंकडे पाहिले...



...आणि दोन्ही हात पाठीमागे लपवले.