तीस ठणठणीत बाळं

जुलाबाने कोमेजलेल्या बाळाच्या शीमध्ये रोटाव्हायरस आहे का, हे ओळखणारी प्रतिपिंडं बनवायला प्रयोगशाळेतल्या त्या संशोधिकेला अडीच वर्षं लागली होती. विषाणू सापडला की चाचणीच्या प्लेटमधला खळगा पिवळा व्हायचा. सोमवारपासून ही चाचणी बालरुग्णालयात वापरणार होते. त्याआधी तिने हट्टाने तीस ठणठणीत बाळांचे नमुने तपासले, तर त्यातलेही अकरा पिवळे झाले. प्रयोगशाळेचे प्रमुख सर म्हणाले, "अगं, आजारी बाळ एकही सुटत नाही ना? मग झालं तर!" "सुटेल कसं, सर? या चाचणीला नाही म्हणताच येत नाही. एखाद्या बाळाला आतड्याचं भलतंच दुखणं असेल आणि आपण रोटा समजून त्याला घरी पाठवू." "म्हणजे अडीच वर्षं पाण्यात?" "पाण्यात." मग सरांनीच रुग्णालयाला फोन करून नकार कळवला. प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींपैकी, रंग सावकाश येतो म्हणून मागे टाकलेल्या बावीस नंबरच्या पेशी तिने फ्रीझरमधून बाहेर काढल्या. त्या वाढवून त्यांची प्रतिपिंडं गोळा करण्यात पाच आठवडे गेले. मग पुन्हा तेच नमुने घेऊन ती प्लेटसमोर खुर्ची ओढून बसली. आजारी बाळांची रांग सावकाश पिवळी झाली. ठणठणीत बाळांची मात्र नितळ राहिली. मागे येऊन उभ्या राहिलेल्या सरांनी बोटाने खळगे मोजले, मग पुन्हा एकदा मोजले. "तीसच्या तीस कोरे!" तिने डोळे पुसले आणि वहीचं नवं पान उघडलं. "आता तीनशे बाळं लागतील, सर."