भुऱ्याचे आभार

बाळांनो, कुत्र्याचे आभार कसे मानायचे, ते सांगतो. आधी कल्पना करा. कटंगीजवळचं एक घर, भर दुपार, आणि भुऱ्या नावाचा कुत्रा मागच्या बंद दाराकडे तोंड करून सकाळपासून भुंकतो आहे.

"काहून भुकून राह्यला रे मेल्या?" दुर्गाबाई वैतागली.

"माय, त्याले भूक लागली असंल," तिची लेक ज्योत्स्ना म्हणाली.

"हौ, तुह्यासारखाच खादाड हाय तो!"

पण पुढ्यात ठेवलेल्या भाताला भुऱ्या शिवलाही नाही. शेवटी दुर्गाबाईने गमछ्याने त्याचं तोंड बांधलं. घर शांत झालं.

तेव्हा दाराबाहेरून रडवेला आवाज आला.

"माय, दार उघड ना. मी बाहेरच राह्यली."

आवाज ज्योत्स्नाचा होता. ज्योत्स्ना तर आईजवळच उभी होती, ओठ मिटून.

"सकाळपासून हाका मारून राह्यली, माय. भुऱ्यापायी तुले ऐकूच येत नाही."

दुर्गाबाईने लेकीकडे पाहिलं, अनोळखी मुलीकडे पाहावं तसं. मग तिचा हात कडीकडे गेला.

ज्योत्स्नाने झटकन गमछा सोडला आणि भुऱ्याच्या गळ्यात हात टाकले.

"तूच राखलं रे मले, माह्या राजा. भुक!"

आणि त्याच्या मानेला गाल लावून तीही त्याच्यासोबत जोरजोरात भुंकू लागली, बाहेरची हाक पुन्हा बुडेपर्यंत.