हिरवट रेघ

कृत्रिम दृष्टिपटल बसवल्यापासून भूशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापक सुलभा गडनाईक यांना उजेड आणि आकार दिसू लागले होते, रंग मात्र नाही. ते येतीलच अशी खात्री डॉक्टरांनी दिली नव्हती. दृष्टिपटल त्यांच्या मुलीने, केतकीने, स्वतःच्या प्रयोगशाळेत बनवलं होतं.

त्या सकाळी केतकीने आईपुढे पांढरी बशी ठेवली आणि हातात एक खडा दिला.

सुलभाताईंनी तो चोळून पाहिला. "मऊ, तेलकट, नखाने पापुद्रे सुटतायत. ग्रॅफाइट असेल, नाहीतर ग्रॅनाइटच्या शिरांत मिळणारं मॉलिब्डेनाइट. हाताला दोन्ही सारखीच लागतात."

"मग ओळखायचं कसं?"

"चकचकीत बशीवर रेघ ओढायची. ग्रॅफाइटची काळी उमटते."

त्यांनी रेघ ओढली, बशी डोळ्यांजवळ नेली.

"हिरवट आहे," त्या म्हणाल्या. "मॉलिब्डेनाइट."

केतकी म्हणाली, "आई, त्याचाच पापुद्रा तुझ्या डोळ्यांत आहे."

"इतकी वर्षं मी हे खनिज शिकवलं," सुलभाताई म्हणाल्या, "पण त्यातून कुणाला डोळे देता येतील, हे मलाही कधी सुचलं नाही. माझ्या मुलीला सुचलं. ये, अशी उजेडात ये. तुला नीट बघू दे."