उजवीकडचं चित्र

बाईंनी शाळेचं कुलूप उघडलं तेव्हा झाडूवाल्या मावशीसुद्धा आल्या नव्हत्या. किल्ल्यांचा जुडगा पर्समध्ये टाकून त्या स्वतःच खुर्च्या मांडायला लागल्या.

आज सभा होती. राज्यातल्या सगळ्या सरकारी शाळांचा कायापालट करायचा होता, आणि तो कसा करायचा हे या खेपेला वर बसून कोणी ठरवणार नव्हतं. शिक्षकांना विचारणार होते, पालकांना विचारणार होते, शाळेसमोरच्या दुकानदारालाही विचारणार होते. हे कळल्यापासून बाईंचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. इतकी वर्षं त्यांना वरून एकच प्रश्न यायचा: माहिती पाठवली का?

शाळा दोन खोल्यांची. एकीत बाई, दुसरीत मोठे सर आणि वरचे वर्ग. बाईंकडे पहिली ते चौथी, चारही वर्ग एका खोलीत, एका दमात. पहिलीला अक्षरं गिरवायला द्यायची, चौथीचा भागाकार घ्यायचा, तोवर दुसरीत मारामारी जुंपलेली. मुलं दरवर्षी गळत होती. ज्यांना झेपायचं ते फी भरून दुसरीकडे जायचे. हे असंच चाललं तर एक दिवस शाळेला कुलूप लागेल, ही बाईंची खरी धास्ती. त्यापायीच त्या आठवडाभर सभेचं आमंत्रण देत दारोदार हिंडल्या होत्या.

"एवढी पायपीट माझ्या निरोपसमारंभाला तरी कराल का?" मोठ्या सरांनी विचारलं. सर निवृत्तीला टेकले होते आणि उरलेली नोकरी बाईंची फिरकी घेण्यात सुखाने घालवत होते.

"चिडवा हवं तेवढं. सभेत मत मात्र मी सांगेन तिकडेच द्यायचं."

सभेच्या वेळेला खोली खच्चून भरली. शिंपीकाका गळ्यात टेप तसाच घेऊन आले. समोरच्या घरातल्या आजी नातीला कडेवर घेऊन आल्या, आणि नात काही कडेवर घेण्याच्या वयाची राहिली नव्हती. माणसं खिडकीत बसली. कोणीतरी आपल्याला काहीतरी विचारणार, याचंच सगळ्यांना अप्रूप.

अधिकारी मॅडम तरुण होत्या, बोलायला गोड. त्यांनी फळ्यावर दोन मोठी चित्रं चिकटवली. डावीकडे बैठी शाळा: नवं छप्पर, नवा रंग, एक जास्तीचे शिक्षक, दारात झाड. उजवीकडे दुमजली इमारत: प्रत्येक वर्गाला वेगळी खोली आणि वेगळे शिक्षक, प्रयोगशाळा, वाचनालय, मैदान. फाटकाशी पिवळी बस.

"मुलांसाठी यातलं काय हवं ते तुम्ही ठरवायचं," मॅडम म्हणाल्या. "प्रत्येकाला एक हिरवा स्टिकर. ज्या चित्रावर जास्त, ते आराखड्यात जाईल. आता चर्चा तुमची. मी मधे एक शब्द बोलणार नाही. माझ्या बोलण्याने तुमचं मत इकडचं तिकडे व्हायला नको, म्हणून तसा नियमच आहे."

बाईंना हा नियम फार आवडला.

"डावीकडची आपल्याच शाळेसारखी दिसते," शिंपीकाका म्हणाले.

"दिसते कसली, तीच आहे. तोंडाला पावडर लावून उभी केलीय." सगळे हसले, तसा बाईंना आणखी चेव आला. "हे मागायला सभा कशाला? आयुष्यात एकदा कोणी विचारतंय, तर हात आखडता का घ्यायचा? एका वर्गाला एक शिक्षक. कल्पना तरी करा."

"पण एवढी इमारत बसायची कुठे?"

"मागची पडीक जागा काय काटे वाढवायला ठेवलीय?"

"आणि बस कशाला?" आजी म्हणाल्या. "आमची तर घंटा ऐकून घरातून पळते."

"सहलीला, आजी. पोरांनी समुद्र काय पुस्तकातच बघायचा?"

बाईंनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम प्रसन्न हसल्या आणि गप्प राहिल्या. बाईंना तेवढं पुरलं.

मग एकच झुंबड उडाली. हिरव्या स्टिकरांनी दुमजली इमारतीच्या खिडक्या झाकल्या, छप्पर झाकलं, बसची चाकंसुद्धा झाकली. आजी डाव्या चित्रापाशी घुटमळत होत्या. बाईंनी त्यांचा हात अलगद धरून उजवीकडे नेला. मोठ्या सरांनी आपला स्टिकर शर्टाच्या खिशावर पदकासारखा लावून घेतला होता.

"सर."

"मला डावीकडचं झाड आवडलं होतं हो," सर म्हणाले. पण त्यांनी स्टिकर काढला आणि उजवीकडे चिकटवला. "तुमच्यासाठी."

डावं चित्र कोरंच राहिलं. बाईंना इतका आनंद झाला की नेमकं काय करावं ते सुचेना, म्हणून त्यांनी फळ्याखालचे खडू नीट लावून ठेवले.

मॅडम फोन करायला बाहेर गेल्या आणि उजळलेल्या चेहऱ्याने परत आल्या. "इतका एकमुखी कौल अजून कुठल्याही शाळेने दिलेला नाही. म्हणून सुरुवात तुमच्यापासूनच करायची ठरलीय."

टाळ्यांनी पत्रे दणाणले. शिंपीकाकांनी चक्क शीळ घातली. बाईंनी डोळे टिपले.

"बांधकाम कधी सुरू होणार?" त्यांनी विचारलं.

"बांधकाम कसलं? इमारत केव्हाची बांधून तयार आहे, शहराच्या पलीकडच्या टोकाला. सुट्टी संपली की बस रोज सकाळी मुलांना न्यायला येईल. तासाभराचा तर रस्ता." मॅडमनी हसून हात पुढे केला. "या खोल्यांच्या किल्ल्या तुमच्याकडेच असतात ना, बाई?"