अडकलेला जीव

आईच्या दहाव्याला घाटावर पिंड ठेवून तास झाला, तरी कावळा शिवेना. थोरल्यानं घर न विकण्याचं वचन दिलं. धाकट्यानं दारू सोडली, तीही मोठ्या आवाजात. नातवानं आजीसाठी लग्नाला होकार दिला. कावळे बाभळीवर बसून सगळं ऐकत राहिले.

आईचा जीव कशात अडकलाय ते लेकीला, शालनला, ठाऊक होतं. देवळात, लग्नात, अगदी दवाखान्याच्या खाटेवरूनही आई तेच विचारायची आणि शालन दर वेळी तिच्यावर खेकसायची. ती पुढे झाली आणि हात जोडून म्हणाली, "आई, घरचा गॅस बंद केलाय गं."

कावळा झपकन उतरून पिंडाला शिवला. सगळ्यांनी हुश्श केलं.

परतताना रिक्षात शालन एकदम वहिनीकडे वळली. "वहिनी, निघताना गॅस नक्की बंद केला होता ना?"