कोरा चवडा

पन्नाशीत नवऱ्याने शर्यतीची मोटारसायकल घेतली. तेव्हापासून दर रविवारी तो मित्रांबरोबर ट्रॅकवर जायचा आणि परत येईपर्यंत बायकोच्या घशाखाली घास उतरायचा नाही. वळणावर आपण गाडी किती आडवी करतो, गुडघा कसा जमिनीला टेकतो, याची वर्णनं मग आठवडाभर पुरायची.

वर्षभरात त्याच्या बुटांचे सोल गेले, म्हणून ती ते दुरुस्तीला घेऊन गेली. दुकानातल्या काकांची सगळी हयात शर्यतवाल्यांचे बूट शिवण्यात गेली होती. त्यांनी बूट उलटे करून बराच वेळ पाहिले.

"ताई, गाडी आडवी करायची तर पायाचा चवडा फुटरेस्टवर रोवावा लागतो. म्हणून सोल झिजतो तो चवड्याखाली. साहेबांचा तिथे कोरा करकरीत आहे. टाचा मात्र पार गेल्यात."

"म्हणजे काय समजायचं?"

"वळण आलं की साहेब दोन्ही पाय खाली सोडतात आणि टाचा घासत, हळूहळू गाडी वळवून घेतात."

ती इतकी हसली की तिला तिथल्या स्टुलावर बसावं लागलं. डोळे पुसताना वर्षभरात पहिल्यांदाच तिला हलकं वाटलं.

"नवे सोल लावू ना?" काकांनी विचारलं.

"लावा. आणि काका, चवड्याखाली जरा घासून द्या. चार मित्रांत ह्यांची मान खाली जायला नको."