डाव्या हाताचं हसू
आजी गेल्यापासून एर्गाश आजोबांनी बोलणंच टाकलं होतं. बुखाऱ्यातल्या आमच्या अंगणात दिवसभर खाटेवर बसून राहायचे; कुणी वाढलं तर जेवायचे, नाही तर नाही. मी, त्यांची नात ओयदिन, बाहुल्यांच्या नाटकघरात काम करते. नव्या खेळात एक म्हातारी होती. तिला कसं चालवावं ते सुचेना, म्हणून मी तिला आजीसारखं हलवू लागले. बसताना गुडघ्यावर थाप मारायची, रुमालाचं टोक कानामागे खोचायचं, हसताना सोन्याचे दात दिसू नयेत म्हणून तोंडावर हात धरायचा. पहिल्या खेळाला आईनं आजोबांना जवळजवळ ओढतच आणलं. म्हातारी आली, बसली, हसली. पोरं खिदळली. तेवढ्यात पुढच्याच रांगेत आजोबा ताडकन उभे राहिले. "अगं ओयदिन, डावा हात! उजव्या हातात कायम चहाची किटली असायची तिच्या!" सगळं नाटकघर हसलं. आई त्यांची बाही ओढू लागली, "बाबा, खाली बसा ना, खेळ चाललाय." "बसतो गं. पण चुकतंय ते सांगायला नको?" पडद्याआडून मी बाहुलीचा हात बदलला. म्हातारी पुन्हा हसली, या वेळी डाव्या हाताआडून. आजोबा बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग डोळे पुसत खाली बसले आणि शेजारच्या अनोळखी बाईला, मलाही ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "माझी बायको आहे ती."